तळ्याकाठची एकोणिसावी झेंडी

मी एक झेंडी बोलतेय. देवळावरची नाही की मिरवणुकीतली नाही. तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा आणि गुडघ्याएवढी तार, एवढाच माझा देह. सध्या मुक्काम डोरीन व्हँग्सनेसच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या रिकाम्या डब्यात. शेजारी एक कात्री आणि दोन पेन्सिली आहेत. मला आता फारसं काही वाटत नाही, म्हणून तर सगळं सरळ सांगता येईल.

माझा जन्म कारखान्यातला. शंभर जणींची एक जुडी, रबराने बांधलेली. आमचा रंग भडक गुलाबी होता, लांबून डोळ्यांत भरणारा. आमच्या जातीत रंगालाच सगळा अर्थ. लाल झेंडी रोवली की खाली वीज आहे, पिवळी रोवली की गॅस. गुलाबी म्हणजे इथे मोजणी झाली आहे, हात लावू नका. आणि पांढरी म्हणजे इथे खणा. पांढऱ्यांशी माझं तेव्हा काही देणंघेणं नव्हतं.

मला विकत घेतलं जोलीन पॅरिझियन नावाच्या मोजणीवाल्या बाईने. तिच्या गाडीतून मी नॉर्थ डकोटात, डोरीनच्या शेतावर आले. डोरीनच्या मुलाला, कर्टिसला, खालची दहा एकर दलदल कोरडी करून सोयाबीनखाली आणायची होती. जमिनीत भोकांचे पाइप पुरायचे, की पाणी आपोआप निघून जातं. पण त्याच दलदलीच्या मध्ये दोन एकरांचं एक तळं होतं. अशा ओल्या जमिनीला हात लावायचा तर केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि परवान्याआधी तळं कुठे संपतं ते कोणीतरी ठरवावं लागतं. ते जोलीनचं काम.

ती काठाने चालायची, गिरमिटाने भोक पाडायची, माती चिमटीत धरायची आणि रंगांच्या चौकोनांनी भरलेल्या पुस्तकाशी लावून बघायची.

"राखाडी. त्यात गंजाचे ठिपके," ती म्हणाली. "ही पाण्याची."

गमबूट घालून मागोमाग फिरणारी डोरीन हसली. "चिखलाला नाव ठेवायलाही पुस्तक लागतं होय गं?"

"नाहीतर तुमचा मुलगा म्हणणार कोरडी आणि बदकं म्हणणार ओली. भांडण कोण सोडवणार, डोरीन?"

एवढं बोलून तिने काळ्या शाईने माझ्या अंगावर १९ लिहिलं आणि मला रोवलं. तळ्याभोवती आम्ही एकतीस जणी उभ्या राहिलो.

कर्टिस कागद घेऊन आला. शेत डोरीनच्या नावावर, म्हणून सही तिची. ती सही करायच्या आधी म्हणाली, "दलदल घे. तळं मात्र राहील. या गुलाबी झेंड्यांच्या आत ना नांगर, ना पाइप. तुझ्या बाबांचं दार रिकामं राहता कामा नये."

बाबांचं दार म्हणजे धान्याच्या कोठाराचं दार. डोरीनचा नवरा हारलन दर वसंतात तळ्यावर पहिलं लांबशेपटी बदक उतरलं की त्या दारावर पेन्सिलीने तारीख लिहायचा. एक्केचाळीस वर्षं लिहिली. तो गेल्यावर तीन वर्षं डोरीनने लिहिली. बाकी नवऱ्याविषयी ती फारसं बोलत नसे.

"हो गं आई," कर्टिस म्हणाला. "तळं काय मी खिशात घालून नेतोय?"

मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता. इथवर पाणी, इथून पुढे माणूस, हे माझ्यावरून ठरत होतं. अभिमान कसा असतो ते मला अजून आठवतं, एवढंच.

अर्ज गेला आणि परत आला. एक नकाशा जोडायचा राहिला होता. कर्टिसने ते पाकीट कापणीयंत्राच्या छताला, ऊन अडवणाऱ्या झडपेमागे खोचलं आणि विसरला. कापणी संपली, यंत्र शेडमध्ये गेलं, पाकीटही गेलं. पुढच्या उन्हाळ्यात यंत्र बाहेर निघालं तेव्हा ते त्याच्या मांडीवर पडलं. मग नकाशा काढून अर्ज पुन्हा रवाना झाला.

तोवर आमचं काय चाललं होतं? ऊन खाणं, वारा खाणं, आणि हिवाळ्यात बर्फाखाली गाडून घेणं. उणे तीसमध्ये तार आधी दुखते, मग बधिर होते, आणि पुढे त्या बधिरपणातच बरं वाटू लागतं. एकदा हरणांनी चौघींना तुडवलं. दुसरा उन्हाळा कडक गेला. माझ्यावरचा आकडा पुसला, आणि रंगही उडाला. मला कळलंही नाही, कारण आपलं तोंड आपल्याला दिसत नाही. ऑक्टोबरपर्यंत आम्ही सगळ्या पांढऱ्याफटक झालो होतो.

वरचं शेत मात्र पूर्वापार नांगराखालचं, कोरडं. तिथे पाइप टाकायला परवान्याची गरज नव्हती. जमीन गोठायच्या आत ते उरकावं म्हणून कर्टिसने पाइपवाल्या ड्वाइट रॉल्फसनला फोन केला. "वरच्या शेतात पांढऱ्या झेंड्या लावल्यात. त्या धरून चल."

ड्वाइट आणि त्याचा मेहुणा लॉनी सकाळीच आले. त्या दिवशी कर्टिस धान्याच्या गोदामावर ट्रकच्या रांगेत होता. डोरीन चर्चच्या तळघरात बायकांबरोबर जेवणावळीसाठी बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. दुपारपर्यंत वरचं शेत झालं. दोघांनी सँडविच खाल्लं. मग लॉनीने उताराखाली बोट दाखवलं.

"ड्वाइट, खाली पण आहेत रे. तळ्याभोवती गोल. कर्टिसला विचारायचं का?"

"काय विचारायचं? शेत त्याचं, झेंड्या त्याच्या. आपण कोण शहाणे लागून गेलो?"

आमच्या भागात दुसऱ्याच्या शेताबद्दल दोनदा विचारणं वाईट दिसतं. विचारलं तर समोरच्याला अक्कल नाही असं म्हटल्यासारखं होतं. सगळेच इतके सभ्य, की एक फोन कोणी केला नाही.

यंत्र आमच्यावरून गोल फिरलं. काठाने चर पडला, चरात पाइप पडला आणि त्याचं तोंड रस्त्याकडेच्या गटारात निघालं. मी उपटून बाजूला फेकली गेले. झेंडीला आवाज नसतो ही माझी सबब खरी आहे, पण आवाज असता तरी मी ओरडले असते का, सांगता येत नाही. पाणी जाताना दिसत होतं आणि मला काही वाटत नव्हतं.

डोरीन आली तेव्हा तिच्या बाह्यांना पीठ लागलेलं होतं. ती काठावर उभी राहिली, मग खाली वाकली. हाताशी मी सापडले, तर मला उचललं.

ड्वाइट कर्टिसला फोनवर म्हणत होता, "अरे पण पांढऱ्या होत्या! देवाशपथ पांढऱ्याच होत्या!" त्याचा आवाज फाटला होता.

आठवड्यात जमीन गोठली. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि सगळं पाणी तळ्यात न थांबता पाइपातून निघून गेलं. बदकं आली, वरून एक घिरटी घालून उत्तरेला गेली. डोरीनने कोठाराच्या दारावर साल लिहिलं. पुढे तारीख लिहायला काही नव्हतं.

मे महिन्यात परवाना आला. दहा एकरांना मंजुरी, अट एकच. गुलाबी झेंड्यांच्या आतल्या जागेला हात लावायचा नाही.

कर्टिसने ते पत्र याच टेबलावर दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाला, "आई, तळं तर तसंही गेलं. खालची माती बघितलीस? काळीभोर, अशी सगळ्या तालुक्यात नाही. आणि गुलाबी झेंड्या आता आहेत कुठे? ज्या उरल्यात त्या पांढऱ्या. कोण काय म्हणणार आहे?"

डोरीनने मला डब्यातून काढलं. माझं प्लास्टिक तारेभोवती गुंडाळून चिकटवलेलं असतं, त्या घडीच्या आत ऊन कधी पोचत नाही. तिने कात्रीच्या टोकाने ती घडी उसवली. आत बोटाच्या पेराएवढी पट्टी होती, पहिल्या दिवशीसारखी गुलाबी.

तिने मला पत्रावर ठेवलं. "ही घे. गुलाबी."

कर्टिसने ती पट्टी बोटाने उलटून पाहिली.

"तुझ्या बाबांना काय सांगू? रंग उडाला म्हणून शब्दही उडाला?"

कर्टिसने पत्राची घडी घातली. मग त्याने फोन लावला. "जोलीन, मी कर्टिस. आमच्याकडून चूक झालीये, मोठी. तू ये. तुझं ते मातीचं पुस्तकही घेऊन ये."

जूनमध्ये ड्वाइटने स्वतः येऊन पाइप उकरून काढला. तळ्यात आता घोट्याएवढं पाणी आहे. बदकं पुढच्या वसंतात उतरतील की नाही, जोलीनलाही सांगता येत नाही. काठावर नव्या एकतीस जणी आहेत. डोरीन दर पहिल्या तारखेला जाऊन त्यांची तोंडं बघते आणि जी फिकी दिसेल ती बदलते. आम्हाला रोवणाऱ्यांनो, एवढं तुम्हीही करत जा. आमच्यावर भरवसा टाकून घरी जाऊ नका.

माझी उसवलेली घडी आता उन्हात आहे. खिडकीतून रोज थोडं येतं, आणि तीही पट्टी फिकी होत चालली आहे. मला त्याचं काही नाही.

फक्त शेजारच्या दोन पेन्सिलींपैकी एकीला डोरीनने काल नवं टोक काढून ठेवलं आहे. ती पेन्सिल ज्या दिवशी डब्यातून उचलली जाईल, त्या दिवशी बहुतेक मला काहीतरी वाटेल.