उभ्या गाडीचं तेल

परसूने तेल मोजायची पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढली आणि शेडच्या दारातून येणाऱ्या उजेडात धरली.

“अक्का, कुठंकुठं फिरून आलासा?”

“कुठंच नाही,” हेमलता म्हणाली. “दसऱ्याला तूच तेल बदललंस ना? त्यानंतर गाडी इथून हललेली नाही.”

“मग हे असं? बसून बसून माणसाचं पोट वाढतंय अक्का, तेल काळं हुत न्हाई.”

परसू आपल्याच बोलण्यावर हसला. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या गॅरेजातून तो महिन्याकाठी एकदा चाकांत हवा भरायला यायचा. हेमलताचा नवरा दामोदर असताना यायचा, तसाच तो गेल्यावरही. हेमलताने त्याच्या हातून पट्टी घेतली. काळ्या थेंबाला वास होता, आणि तो नुसत्या तेलाचा नव्हता.

ती काम करायची त्या संस्थेच्या प्रयोगशाळेतून आणलेला गाळणकागद तिने घरातून आणला आणि त्यावर तो थेंब सोडला. अशी परीक्षा ती रोजच करायची, फक्त दुसऱ्या द्रवांची. थेंब हळूहळू पसरला. मधोमध काळा गोळा राहिला, त्याभोवती राखाडी वलय आणि त्याच्याही बाहेर एक फिकट, रुंद कडं. ते कडं पेट्रोलचं होतं. तेल घालायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट थर धरला होता. म्हणजे पाणी. इंजिन तापलं की पेट्रोल आणि पाणी दोन्ही उडून जातात. इथे उडालेली नव्हती.

तिने मैलांचा आकडा पाहिला. दामोदरने गाडी शेवटची लावली तेव्हा होता तोच.

ही गाडी सुरू होत होती. पुन्हापुन्हा, थंड असतानाच. आणि कुठेही जात नव्हती.

“बदलू काय तेल?” परसूने विचारलं.

“आज नको.”

गाडीची किल्ली देवघरात होती. खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की किल्ली देवापुढे ठेवायची आणि पूजेच्या आधी तेल बदलायचं, मग मैल झालेले असोत वा नसोत, हा दामोदरचा नेम. तो कारखान्यात इंजिनियर होता. पुस्तकात मैल लिहिलेले असतात हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो म्हणायचा, पूजेला गाडी जुन्या तेलावर उभी करायची नाही. मागच्या वर्षी पूजेनंतर आठवड्याच्या आत तो तापाने गेला. या वर्षी आप्पासाहेबांनी, त्याच्या वडिलांनी, हट्टाने तेल बदलून घेतलं. लिंबं चाकाखाली ठेवली. गाडी पुढे कोण घेणार, म्हणून ती तशीच राहिली.

देवघरात आता पूजा आप्पासाहेबच करायचे.

मुलगा गेल्यावर ते बेळगावचं घर बंद करून इथे राहायला आले होते. पहिले काही महिने त्यांनी भिंतीकडे पाहत काढले. अलीकडे मात्र जेवण वाढलं होतं. संध्याकाळी हेमलता संस्थेतून परत येई तेव्हा ते ओट्यावर बसलेले असत, गालांवर तरुण माणसासारखी लाली. बंगळूरची हवा मानवली, असं तिने बहिणीला पत्रातही लिहिलं होतं.

त्या रात्री तिने भांडी आवरणाऱ्या यल्लव्वाला विचारलं, “दुपारी मामंजी काय करतात गं?”

“फिरायला जात्यात की.”

“कुठे?”

यल्लव्वाने पातेलं पालथं घातलं. “देवनहळ्ळीला. किल्ल्यापर्यंत. धाकले मालक नेत्यात म्हणं गाडीतनं.” धाकले मालक म्हणजे दामोदर. दुसरं पातेलं उचलत ती म्हणाली, “मी बघाया जात न्हाई अक्का. आपण कशाला मधी पडायचं?”

दुसऱ्या दिवशी हेमलता दुपारीच घरी आली. शेडची दारं आतून ओढलेली होती आणि फटीत पोती कोंबलेली. लाकडाला हात लावला तर ते बारीक थरथरत होतं. तिने खांद्याने दार ढकललं.

आप्पासाहेब पुढच्या सीटवर बसले होते. स्टिअरिंगमागे नव्हे, डावीकडे. किल्ली आणि स्टार्टर तिथूनही हाताला येत. अंगात कोट, गळ्यात मफलर, मान उजवीकडे वळलेली. गाल लालबुंद होते आणि ते हसत होते, कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपण ते ऐकतोय, असे.

“दार लाव पोरी,” ते तिच्याकडे न बघता म्हणाले. “धूळ यायलीय. त्याला समोरचं दिसंना झालंय.”

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि काखेत हात घालून त्यांना अंगणात ओढून आणलं. नळाशी ते ओकले. डोकं गच्च धरून बराच वेळ पायरीवर बसून राहिले. तिचा आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा आला.

“मामंजी, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. रक्तातली प्राणवायूची जागा तो घेतो. चेहरा लाल होतो आणि मेंदूला नसलेलं दिसायला लागतं. आणखी थोडा वेळ बसला असतात तर उठला नसतात.”

“सरी, बरं,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी तोंड पुसलं. “मला विषातनं तरी दिसतो. तुला चांगल्या हवेत दिसतो काय?”

तिने गाडीतून किल्ली काढून घेतली. किल्ली तिने संस्थेत नेली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली.

आप्पासाहेबांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पहिल्यांदा रात्रीचं जेवण सुटलं, मग सकाळचं. डॉक्टर येऊन नाडी बघून गेले. छाती ठीक आहे, म्हणाले. यल्लव्वा ताट जसंच्या तसं परत आणी आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवी. गालांची लाली उतरली, खाली हाडं दिसू लागली. शेडमध्ये ते एका झटक्यात गेले असते, इथे हळूहळू चालले होते. हेमलता रात्री जागी राहून त्यांचा श्वास ऐके.

शेवटी तिने परसूला आणि एका सुताराला बोलावलं. शेडची दारं काढून टाकली. मागचे दोन पत्रे उतरवले, म्हणजे समोरून आलेला वारा सरळ आरपार जाईल. धूर बाहेर पडायच्या नळीला परसूने लांब पाइप जोडून तो कुंपणापलीकडे काढला. तिने स्वतः गाडी सुरू करून सीटवर उदबत्ती धरली. उदबत्तीचा धूर मागच्या मागे ओढला गेला. मग तिने किल्ली आप्पासाहेबांच्या उशीजवळ ठेवली.

“बसा हवं तर,” ती म्हणाली. “दार मात्र आता नाही.”

ते दुसऱ्याच दिवशी बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कोट, मफलर, मान उजवीकडे. रोज जरा लवकर बाहेर यायचे.

“येत नाही,” एका संध्याकाळी ते म्हणाले.

हेमलता भाजी चिरत होती. तिने सुरी थांबवली.

“तेल घाण झालंय. घाणेरड्या तेलावर दामू गाडी हाकत नाही. तुला ठाऊक आहे की.”

ठाऊक होतं. त्याचा काही संबंध नाही, हेही ठाऊक होतं. तिने परसूला बोलावणं धाडलं.

परसूने गाडीखाली घमेलं सरकवलं, नट सोडला. काळी पातळ धार पडू लागली. “किती वेळा बदलायचं अक्का हे? गाडी चालली तर मी सांगतो, एवढे मैल झाले की बदला. उभ्या गाडीचं काय सांगू?”

“मामंजी म्हणतील तेव्हा,” हेमलता म्हणाली.

रविवारी दुपारी आप्पासाहेब कोट घालून तिच्या खोलीच्या दाराशी आले.

“तू पण चल.”

“मी कशाला?”

“मागं बस. मी एकटाच असतो म्हणून येत नसेल.”

दामोदर गेल्यापासून ती त्या गाडीत बसली नव्हती. उदबत्ती धरली तेव्हाही बाहेर उभी राहून, खिडकीतून हात घालून. तिने पायांत चपला घातल्या.

मागची सीट थंड होती. शेडमधून वारा वाहत होता. कुठल्याशा घरातल्या कॉफीचा वास त्यात होता. आप्पासाहेबांनी थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी चोकची मूठ बाहेर ओढली, स्टार्टर खेचला. इंजिन खोकलं, अडखळलं आणि सुरू झालं. चोक ओढलेलाच राहिला होता, त्यामुळे गाडी गचके खात होती. इंजिन चालू लागलं की तो आत ढकलायचा असतो, हे आप्पासाहेबांना कधीच कुणी शिकवलं नसणार. म्हणूनच तेलात पेट्रोल उतरत होतं. आता हे सांगावं, असं तिच्या मनात आलं, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले होते आणि मान उजवीकडे वळली होती. 

बराच वेळ काही झालं नाही. स्टिअरिंगमागच्या सीटवर धुळीचा सारखा थर होता. तिने तो नीट पाहून घेतला.

मग गचके थांबले. इंजिनाचा आवाज खाली आला, गोल झाला, एकसारखा चालू लागला. तिने पुढे वाकून पाहिलं. चोकची मूठ आत गेली होती.

जुनी तार. आतली पकड झिजली की थरथरीने मूठ आपोआप सरकते. हे होतं, होऊ शकतं.

आप्पासाहेबांचे दोन्ही हात अजून मांडीवरच होते. ते हसले नाहीत. फक्त त्यांचे खांदे खाली आले, लांबचा प्रवास असला की माणूस टेकून बसतो तसे.

वारा आरपार जात होता. श्वास स्वच्छ होता, डोकं दुखत नव्हतं, बोटांची नखं लाल झाली नव्हती, जशी असायची तशीच होती. तिने ती दोनदा पाहिली.

“तेल कालच बदललंय,” हेमलता म्हणाली. आप्पासाहेबांकडे पाहून नव्हे.

आणि मग ती सीटवर थोडी सरकली आणि मधोमध बसली, चालवणाऱ्याला पुढच्या आरशात दिसेल अशी.