जिन्यातली घायपात

"थांबा, बोहुमिल! आधी कुबडी, मग पाय!" खालच्या मजल्यावरच्या यार्मिलाबाई मागून ओरडल्या.

"चढताना आधी पाय. आणि हाड माझं मोडलंय, तुमचं नाही," बोहुमिल म्हणाला आणि जिन्याच्या वळणावर येऊन थांबला.

तिथल्या खिडकीत त्याच्या बायकोची, लुडमिलाची, घायपात होती. ब्रनो शहरातल्या त्या इमारतीत थंडी सुरू झाली की गॅलऱ्यांतल्या कुंड्या जिन्यात यायच्या. बाहेर बर्फ, घरात हीटरची धग. थंड आणि तरी उजेडाचा असा जिनाच काय तो. घायपातीने तिथे मार्चपर्यंत कोरडंठाक राहायचं. पाण्याचा थेंब नाही, कारण थंडीत ओली राहिली की ती सडते. लुडमिला गेल्यापासून बोहुमिलने हा नियम असा पाळला होता, की शेजारून कुणी बादली नेली तरी तो खेकसायचा; का, ते मात्र त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. जन्म बॉयलरच्या घरघराटात गेलेला माणूस. हळू बोलणं त्याला कधी जमलंच नाही. पण लुडमिलाचं म्हणावं असं आता तेवढंच उरलं होतं. नोव्हेंबरात तो बर्फावर घसरला, आणि आज, फेब्रुवारी संपत आल्यावर, इस्पितळातून घरी येत होता.

त्याने पानाला हात लावला. पान बुडापासून सुटून हातातच आलं. देठाशी तपकिरी चिखल झाला होता आणि कुबट वास येत होता. त्याने दुसरं पान धरलं, तिसरं धरलं. खोड दाबलं, तर बोट आत गेलं. बाजूला फुटलेलं एखादं पिल्लू तरी वाचलं असेल म्हणून माती उकरली. तेही लिबलिबीत झालं होतं.

"परवापर्यंत किती छान होती हो!" यार्मिलाबाई धापा टाकत वर आल्या. "मी दर रविवारी मगभर पाणी घालत होते. म्हटलं, तुम्ही तिकडे, ही बिचारी इकडे एकटी."

"रविवारी?" समोरच्या दारातून ओताकर बाहेर आला. "अहो, मीपण घालत होतो, बुधवारी! खत कालवून."

वरच्या मजल्यावरची राडका तान्ह्या मुलीला घेऊन उतरली. "मी कोमट घालायचे, काका. म्हटलं, गार बाधायचं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं, हिला जीव लावणारे आपण एकटेच.

यार्मिलाबाईंचा चेहरा पडला. "बोहुमिल, आमच्या पाण्याने तर नाही ना..."

बोहुमिलच्या तोंडाशी शिवी आली होती. सगळ्यांना त्याची सवय होती. राडकाने मुलीचा कान आपल्या खांद्याशी दाबून धरला.

"पाण्याने कशी जाईल?" तो म्हणाला. "यंदा थंडीच फार होती. आणि म्हातारी झाली होती ती. तुम्ही बघितलंत म्हणून तर इतके दिवस निघाले तिचे."

"खरंच?"

"खोटं कशाला सांगू?"

यार्मिलाबाईंनी डोळे पुसले आणि त्याच्यासाठी लसणाचं सूप गरम करायला लगबगीने खाली गेल्या. ओताकर कुंडी उचलायला वाकला.

"राहू दे जरा," बोहुमिल म्हणाला आणि हळूहळू पायरीवर बसला.

लुडमिला गेली तेव्हा इस्पितळातल्या नर्सने त्याला हेच सांगितलं होतं. तुम्ही होतात म्हणून तर इतके दिवस निघाले त्यांचे. ते खरं होतं का, हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.