पाया कुणी ठरवायचा

एकाहत्तर साली राहात्याजवळच्या एका सोसायटीनं गोदामाचा नकाशा आणि बांधकाम, दोन्ही सहादेव मिस्त्रीवर सोपवलं. तरी भूमिपूजनाला चेअरमन रंभाजीरावांनी स्वतःच चुन्याच्या फक्कीनं आखणी करून फर्मान सोडलं, "पाया तीन फूट." चेअरमन झालं की माणसाला सगळंच यायला लागतं!

तीन फुटांखालीही पावसाळ्यात फुगणारी काळी मातीच. भिंत तडकली की बोंब सहादेवच्या नावानं होणार होती.

"पोती किती ठेवायची, बैलगाडी कुठनं आत घ्यायची, ते तुमी सांगा. पाया मी ठरविनार."

"मालक कोन रं?"

"तुमीच. मंग नकाशावर तीन फूट लिवून खाली सही करा. भिंत फाटली तर तुमची."

पूजेला जमलेले सोसायटीचे पंच हसले. रंभाजीरावांनी पेन काढलं, टोपण फिरवलं, परत खिशात ठेवलं.

"किती खोल जानार?"

"घट्ट मुरूम लागंस्तवर," म्हणत सहादेवनं कुदळ उचलली.