साठ शेअरांचा एक हात

आमच्या तेलाच्या गिरणीत कंपनीचा कायदा फक्त मला येतो, अशी माझी ऐट होती. हुद्दा चिटणीसाचा, काम कारकुनाचं. गिरणी उभी केली ती बाबगोंडांनी. ते वारले तेव्हा शंभरातले साठ शेअर त्यांच्या बायकोच्या, गुणमालावहिनींच्या नावावर आले. उरलेले चाळीस आदगोंडा आणि नानासो या दोघा दिरांत निम्मेनिम्म. शेंगा पारखण्यापासून तेलाचे डबे गाडीत चढेपर्यंत सगळं वहिनीच बघत. गिरणी गेली तर त्या बाईचा दिवस उजाडणार कशासाठी, हे सांगलीत कुणालाही कळत होतं.

एकोणपन्नास साली आदगोंडांनी गिरणी साताऱ्याच्या आपल्या व्याह्याला विकायचं काढलं, तेही पडत्या भावात. शेअरवाल्यांच्या सभेला दिवस धरला अनंत चतुर्दशीचा. त्या दिवशी वहिनींचा दरवर्षी निर्जळी उपवास आणि मौन. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण नव्या मालकाकडे तुमची जागा पक्की, असं आदगोंडांनी सांगितलं आणि मी निमूटपणे नोटीस लिहिली.

नोटीस द्यायला गेलो तर वहिनींनी ताकाचा पेला पुढं केला. तारीख वाचून त्या जरा थांबल्या, मग हसल्या.

"बोलायचं न्हाई त्या दिवशी, पर हात तर वर करता येतोय," त्या म्हणाल्या. "माझा हात साठाचा हाय, अण्णा."

कायदा तसा नव्हता. सभेत आधी हात मोजतात, आणि ज्याचे साठ शेअर त्याचाही हात एकच. शेअरांप्रमाणे मतं मोजा, अशी मागणी शेअरवाल्यानं तिथल्या तिथं करावी लागते. नुसती चिठ्ठी पुढं सरकवली तरी भागतं. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ताक प्यालो आणि उठलो.

सभेला वहिनी आल्या त्या सुकलेल्या ओठांनी, पण चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं. विक्रीच्या बाजूनं दोन्ही दिरांचे हात वर झाले. विरुद्ध वहिनींचा. दोनास एक, ठराव मंजूर, असं आदगोंडांनी जाहीर केलं. वहिनींनी चमकून माझ्याकडं पाहिलं. हात अजून वरच होता. अजूनही वेळ गेली नव्हती. मी मान खाली घातली आणि इतिवृत्तात ठराव उतरवू लागलो. मला माझीच शिसारी आली, पण पेन काही थांबलं नाही. आदगोंडांनी सही केली, दोघे भाऊ उठून गेले, तेव्हा कुठं तो हात खाली आला.

दोन दिवसांनी क्षमावणी. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची माफी मागायला आम्ही जैन एकमेकांच्या दारी जातो. मी वहिनींकडे जायचं टाळत होतो, तर त्याच माझ्या दारात उभ्या राहिल्या. आदल्या दिवशी त्या वकिलाकडे जाऊन आल्याचं माझ्या कानावर आलं होतं. कळत-नकळत काही लागेल असं बोलले असेन तर क्षमा करा, असं त्या हात जोडून म्हणाल्या. मीही घाईघाईनं हात जोडले, दरवर्षीचं वाक्य म्हणायला.

त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही.

"माझं मौन व्रताचं व्हतं, अण्णा. तुमचं कशाचं व्हतं?"

जोडलेले हात मला सोडवेनात. वहिनी क्षमा मागायला आदगोंडांच्या घराकडं निघाल्या.