सायकल ओळखणारा रस्ता

प्रेमात पडलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. कोणी कविता करतो, कोणी मिशा काढून टाकतो. देवीदास बोकडेनं चांगला गुळगुळीत डांबरी रस्ता चिरला. तोही दिवसाढवळ्या, साहेबांची सही घेऊन.

गोष्ट भिलाईतली, एकोणनव्वद सालची. देवीदास पोलादाच्या प्लांटच्या टाउनशिपमध्ये विद्युत विभागात ज्युनिअर इंजिनिअर होता. रुआबांध्याकडून येणारा फाटा प्लांटच्या मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे नवा सिग्नल बसवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. हा सिग्नल घड्याळावर चालणारा नव्हता. मोठ्या रस्त्याला कायम हिरवा, आणि फाट्यावर गाडी येऊन उभी राहिली तरच तिच्यासाठी दिवा बदलायचा. गाडी आली हे कळणार कसं? तर थांबायची पांढरी पट्टी असते, तिच्या अगदी लगत रस्त्यात चौकोनी चीर पाडायची, चिरेत तारेचे वेढे बसवायचे, वरून काळा मसाला ओतून बुजवायचं आणि तारेची टोकं कडेच्या लोखंडी पेटीत न्यायची. वर लोखंड येऊन उभं राहिलं की पेटीला त्याची चाहूल लागते आणि ती दिवा बदलते.

चीर पाडायचं मशीन चालवत होता नत्थू मिस्त्री. पाणी आणि काळा चिखल उडून तो पार रंगून गेला होता, पण तोंड बंद नव्हतं.

"साहेब, यावर म्हैस उभी केली तं?"

"म्हशीत लोखंड असते का, नत्थूभाऊ?"

"मंग म्हैस बिचारी उभीच राहीन का जन्मभर?"

तार बसली, मसाला वाळला, चाचणी झाली. जीप आली, दिवा हिरवा. लूना आली, हिरवा. देवीदासला इतका चेव चढला की त्यानं कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीतून जिलेबीची मोठी परात उचलून आणली आणि रस्त्यावर ठेवली. दिवा परातीसाठीही हिरवा झाला! नत्थूनं टाळ्या पिटल्या, टपरीवाल्यानं शिव्या घातल्या, आणि देवीदास भर रस्त्यात परात डोक्यावर घेऊन गोल फिरला.

तेवढ्यात एक मुलगी सायकलवरून आली आणि पट्टीशी थांबली. दिवा लाल. ती थांबली, थांबली, थांबतच राहिली. दिवा ढिम्म. शेवटी तिनं परातीखालच्या इंजिनिअरकडे पाहिलं.

"ओ साहेब! तुमच्या सिग्नलले जिलेबी दिसते, अन् मी दिसत नाही का?"

देवीदासनं परात खाली ठेवली. सायकलीत लोखंड कमी असतं, त्यातून ती उभी आहे चौकोनाच्या मधोमध आणि तार आहे चारी कडांना, असं तो चाचरत समजावू लागला.

"मंग मधातून न्या ना तार!" ती म्हणाली आणि सायकल हातात धरून तरातरा रस्ता ओलांडून गेली.

तिचं नाव कमलिनी लांजेवार. टाउनशिपमधल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. एका वाक्यात तिनं चूकही दाखवली आणि उपायही सांगितला. देवीदास तिथल्या तिथे गार झाला. दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा होता. चौकोनाच्या मधून आणखी एक चीर पाडायची आहे, म्हणाला. साहेब म्हणाले, मोटारींना चालतंय ना, मग पुरे. देवीदास म्हणाला, "सर, भिलाईत मोटारी किती अन् सायकली किती?" पाळी सुटल्यावर प्लांटच्या गेटातून सायकलींचा लोंढा निघतो, तो साहेबांनीही पाहिलेला होता. त्यांनी मुकाट्यानं सही केली.

मधली चीर पडली. तार नव्यानं बसली. सकाळी कमलिनी आली, मधोमध थांबली आणि दिवा टचकन हिरवा झाला. तिनं जाता जाता दोनदा घंटी वाजवली. आता या घंटीनं एखाद्याचं डोकं ठिकाणावर राहील असं ज्याला वाटतं, त्यानं कधी प्रेम केलेलं नाही, एवढंच मी म्हणेन. महिन्याभरात दोघं टपरीच्या बाकावर बसून चहा प्यायला लागली, आणि टपरीवाल्यानं परातीची गोष्ट उदार मनानं माफ केली.

इथवर सगळं हिरवं. लाल दिवा होता तो कमलिनीचा बाप.

कृष्णराव लांजेवार रेल्वेच्या सिग्नल खात्यात दुर्गला जन्म घालवून निवृत्त झाले होते आणि रुआबांध्याला घर बांधून राहिले होते. नाकासमोर चालणारा माणूस. नाकही चांगलं लांब. देवीदास पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्याकडे मागणी घालायला गेला, तेव्हा जात, पत्रिका, नोकरी, सगळं जुळलं. घोडं अडलं ते सिग्नलवर.

"थ्या फाट्यावरच्या सिग्नलवर मानूस कोन हाय?" कृष्णरावांनी विचारलं.

"कोणीच नाही, काकाजी. आपोआप चालते."

"मानूस नाही? मंग जबाबदार कोन?"

देवीदासनं तार, प्रवाह, पेटी सगळं सांगून पाहिलं. कृष्णराव डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या लेखी सिग्नल म्हणजे वचन होतं, आणि वचन द्यायला माणूस लागतो. वाटेल त्या परातीला हिरवा दाखवणारं यंत्र बनवणाऱ्याच्या हाती मुलगी कशी द्यायची? परातीची गोष्ट त्यांच्या कानावर कोणी घातली ते कळलं नाही, पण नत्थू त्या दिवशी देवीदासच्या नजरेला नजर देईना.

शेवटी कृष्णरावांनी निकाल दिला. "रविवारी सकाळी मी येतो. सायकलनं. तू पेटीले हात लावायचा नाही. तुह्या सिग्नलनं मले ओळखलं तं पुढची बोलनी. नाही ओळखलं तं हे पेढे तुह्ये तूच खाय."

रविवारी पेटीला हात लावणार नाही असा शब्द देऊन देवीदास लांजेवारांच्या घरून निघाला तो हवेत. पास होणार यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. नाकासमोर चालणारा माणूस सायकल रस्त्याच्या मधोमधच चालवणार, आणि मधोमध तर तार होतीच! कमलिनी म्हणाली, "मी हिरवी ओढणी घेऊन येईन. शकुनाले." देवीदासनं शनिवारी पेटी उघडून पुसली, बंद केली आणि तिला हळद-कुंकूही वाहिलं. त्यानं सगळ्याचा विचार केला होता. फक्त हा गृहस्थ रेल्वेतला आहे, याचा तेवढा राहिला.

रविवारी देवीदास, कमलिनी आणि नत्थू टपरीशी उभे होते, पेटीपासून लांब. पेढ्यांचा पुडा नत्थूच्या हातात. फाट्यावरून कृष्णराव आले. स्वच्छ धोतर, काळी टोपी, पंप मारून टणक केलेली चाकं. रस्त्याच्या अगदी मधोमध. देवीदासनं कमलिनीला कोपरानं डिवचलं. तिनं त्याला उलट डिवचलं.

आणि कृष्णराव थांबले.

पट्टीशी नाही. पट्टीच्या कितीतरी अलीकडे. चांगल्या दोन बैलगाड्या मावतील एवढी जागा पुढे सोडून ते सायकलवरून उतरले आणि लाल दिव्याकडे बघत ताठ उभे राहिले.

देवीदासच्या पायाखालची जमीन सरकली. तार पट्टीजवळ. माणूस तिकडे. रेल्वेत लाल सिग्नलच्या अंगाला जाऊन कोणी भिडत नाही, गाडी अलीकडे उभी करायची असते. चाळीस वर्षं ज्यानं हेच पाहिलं, तो आज वेगळं काय करणार?

"आता हे उभेच राह्यते का जन्मभर?" नत्थूनं विचारलं. "म्हशीसारखे?"

मागून दूधवाला सुखराम सायकलला कॅन लटकावून आला आणि बाजूनं पुढे निघाला. देवीदासचा जीव भांड्यात पडला; हा तरी तारेवर जाईल! पण कृष्णरावांनी आपली सायकल रस्त्यात आडवी केली.

"लाल हाय. दिसून नाही राहिला?"

"बाबूजी, दूध फट जाही!"

"फाटू दे. नियम नाही फाटला पाहिजे."

मग एक जीप आली. मग लूनावर नवरा, बायको आणि मधात भोपळा. मग प्रवाशांनी भरलेली मिनीबस. सगळे कृष्णरावांच्या मागे, आणि समोर मोठा रस्ता हिरवा दिवा मिरवत रिकामा पडलेला. भोंगे सुरू झाले. मिनीबसमधली बायामाणसं खिडक्यांतून डोकी काढून सल्ले देऊ लागली. कृष्णरावांनी एकदा मागे वळून सगळ्यांकडे असं पाहिलं की भोंगे बंद झाले. देवीदासला एकाच वेळी रडू येत होतं आणि पोट धरून हसावंसंही वाटत होतं, आणि ही फार वाईट अवस्था असते.

"मामाजी!" तो ओरडला. घाईत काकाजीचे मामाजी झाले. सासऱ्याला म्हणायचं ते लग्नाआधीच तोंडातून गेलं. "थोडं पुढं या ना! पट्टीपर्यंत!"

"लाल असतानी पुढं बोलावून राहिला मले?" कृष्णराव गरजले. "तू नापास!"

देवीदास मटकन बाकावर बसला. पेटीची किल्ली त्याच्या खिशात होती. एक बटण दाबलं की झालं. त्याचा हात खिशाकडे गेला, आणि शब्द दिलाय हे आठवून परत आला. मग त्यानं कमलिनीकडे पाहिलं.

"तुमच्याकडे... रेल्वेत... सिग्नल असा अडून बसला तं काय करते?"

"काय करते म्हंजे? कोनीतरी पुढं जाऊन झेंडी दाखवते."

बोलता बोलताच ती थांबली. देवीदासची नजर तिच्या खांद्यावर गेली होती. तिनंही खाली पाहिलं.

पुढच्या क्षणी कमलिनी रस्त्यात होती. पांढऱ्या पट्टीच्या बाजूला ती ताठ उभी राहिली, लहानपणापासून प्लॅटफॉर्मवर पाहिलं होतं अगदी तसं, आणि हिरवी ओढणी हातात धरून तिनं सावकाश हलवली.

कृष्णरावांनी पाहिलं. दिवा लाल, पण झेंडी हिरवी, आणि झेंडीमागे माणूस. त्यांनी टोपी सारखी केली, सायकलवर टांग टाकली आणि झेंडीवर चालणाऱ्या गाडीसारखे मुंगीच्या पावलांनी पुढे निघाले. चाक मधल्या चिरेवर आलं.

दिवा टचकन हिरवा झाला.

मिनीबसमधून आरोळी उठली. नत्थू नाचला. जीप, लूना, भोपळा, दूध, सगळं एकदम सुटलं, आणि त्या गर्दीत कृष्णराव हात दाखवून, शिस्तीत वळून टपरीपाशी येऊन उतरले. देवीदास हात जोडून उभा राहिला.

"तुह्या सिग्नलनं मले नाही बोलावलं," कृष्णराव म्हणाले. "झेंडीनं बोलावलं. म्हंजे मी म्हनत होतो थेच खरं. मानूस लागतेच."

देवीदासचं तोंड एवढंसं झालं. इतकं सगळं होऊन शेवटी नापासच, या विचारानं त्याचे डोळे भरून आले.

कृष्णराव लेकीकडे वळले. "झेंडी तू दाखवली?"

"हो, बाबा."

"कोनाच्या सांगन्यावरून?"

"कोनाच्याच नाही. मीच."

"झेंडी दाखवनाऱ्यावर जबाबदारी असते, ठाऊक हाय ना? एकदा दाखवली की मागं घेता येत नाही."

कमलिनीनं ओढणी खांद्यावर घेतली. तिची मान खाली गेली नाही. "नाही घेत, बाबा."

कृष्णरावांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. लांब नाक, वेळ लागला.

"मंग उभा कावून राहिला बावा?" ते देवीदासवर खेकसले. "पेढे काढ ना! का त्याइलेही झेंडी लागते?"