सव्वीसचं चाक

कल्याणीने सायकल मधल्या दांड्याला धरून उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"जड आहे."

"स्टील आहे मॅडम, जड असणारच," अल्ताफ म्हणाला. "हलकी हवी तर ॲल्युमिनियमची देतो. पण डोंगरात तिच्या फ्रेमला तडा गेला की तिथेच टाकून यायची. ही कुठल्याही गावातला वेल्डर जोडून देईल. नांगर जोडतो तो, त्याला ही काय अवघड?"

कोथरूडमधलं त्याचं दुकान बोळासारखं लांबट होतं. छताला चाकं टांगलेली, भिंतीला फ्रेमा. शनिवारची सकाळ होती. कल्याणी पहाटे चारपर्यंत अमेरिकेतल्या लोकांशी कॉलवर होती आणि तिच्या डोळ्यांच्या कडा अजून चुरचुरत होत्या. सतरा वर्षं ती एकाच सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधत होती. अलीकडे एखादी चूक सापडली की तिला रडू यायचं, म्हणून ती कॅमेरा बंद ठेवायची.

दाराजवळच्या स्टुलावर तिची आई बसली होती. प्रेमलाबाई सहासष्ट वर्षांच्या. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात नर्स म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. चष्म्याची काडी सैल झाली आहे, कोथरूडला जाते आहेस तर मीही येते, असं म्हणून त्या कर्वेनगरहून स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या. काडी दुरुस्त होऊन अर्धा तास झाला होता. त्या घरी जायचं नाव काढत नव्हत्या.

"चाक सव्वीस इंचाचंच घ्या," अल्ताफ सांगत होता. "सव्वीसची ट्यूब तालुक्याच्या कुठल्याही गावी मिळते. आता टायर." त्याने दोन टायर काउंटरवर ठेवले. एक बारीक, जवळजवळ गुळगुळीत. दुसरा मनगटाएवढा रुंद, गुठळ्यागुठळ्यांचा. "हा डांबरीवर पळतो. हा कच्च्यावर धरतो, पण डांबरीवर जीव काढतो."

कल्याणीने एकदा हा उचलला, एकदा तो. बाजूचे आकडे वाचले, पुन्हा वाचले. दोन्ही खाली ठेवले.

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगून कसं चालेल? आठवडाभराचं फिरणं असतं तर म्हटलं असतं, बारीक घ्या. पण तुम्ही फोनवर म्हणालात ना, चार-पाच महिने जाणार, परत कधी ते नक्की नाही, म्हणून..."

कल्याणीचा चेहरा पाहून तो थांबला. मग फडकं घेऊन उगाच चेन पुसू लागला.

घरी तिने आठ दिवस सांगितले होते. कोकणात आठ दिवस, रजा टाकून. राजीनामा दिला आहे, महिनाअखेर शेवटचा दिवस आहे, हे सांगायचं म्हणून ती तीनदा आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली होती आणि तीनदा पाणी पिऊन परत आली होती. वडील गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, घरात दोघीच होत्या.

 प्रेमलाबाई उठल्या, काउंटरपाशी आल्या आणि रुंद टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"माझ्याकडे एवढा रुंद नव्हता," त्या अल्ताफला म्हणाल्या. "मुळशीकडे होते मी, सात वर्षं. मागे कॅरियरला लशीची पेटी, आत बर्फ. चिखलात टायर रुतला की आधी पेटी सोडून डोक्यावर घ्यायची, मग सायकल ओढायची."

"एकट्या फिरायचात, मावशी?"

"सोबतीला कोण येणार? एक्क्याऐंशी साल. ही तीन वर्षांची, येरवड्याला माझ्या आईपाशी. शनिवारी भेटायची." त्यांनी टायर उलटा करून आतली बाजू पाहिली. "गावात माझ्या हातची सुई चालायची. पाणी मागितलं की मात्र वरून ओंजळीत ओतायचे. एकदा अशीच प्यायले, तोंड पुसलं, सायकलवर बसले. पुढच्या गावात बारा मुलं ठरलेली होती. त्या गावाचा फाटा आला, मी वळलेच नाही. सरळ गेले. घाटाच्या कडेपर्यंत. तिथून खाली कोकण दिसतं."

कल्याणी आईकडे बघत राहिली. हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

"मग?" तिने विचारलं.

"मग बसले. बराच वेळ. खाली उतरावं आणि कुणालाच सापडू नये, असं वाटत होतं. खरं सांगते, तू काही आठवली नाहीस तेव्हा. हिचे वडीलही नाहीत." शेवटचं वाक्य त्यांनी अल्ताफला सांगितलं. "पेटी उघडून पाहिली तर बर्फ निम्मा झालेला. उशीर केला असता तर लस वाया गेली असती. म्हणून आले मागे."

अल्ताफचं फडकं थांबलं होतं. रस्त्यावरून पीएमटीची बस गेली आणि टांगलेली चाकं किंचित हलली.

"हे टायर लावलेली एखादी तयार आहे का?" प्रेमलाबाईंनी विचारलं. "जरा बघते चालवून."

"आई, तुझे गुडघे."

"गुडघे माझे आहेत."

अल्ताफने एक सायकल बाहेर काढून सीट खाली केली. प्रेमलाबाईंनी ओढणीची कमरेला गाठ मारली, पर्स कल्याणीच्या हातात दिली. पहिले दोन पायडल हँडल डगमगलं. मग सरळ झालं. गल्लीच्या टोकाला त्या डावीकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अल्ताफने चहा मागवला, कल्याणीचा गार झाला. तिने फोन लावला तर तो हातातल्याच पर्समध्ये वाजू लागला. ती कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. डावीकडच्या रस्त्यावर रिक्षा, भाजीची गाडी, शाळेच्या मुली.

"मावशींना सोडायला नको होतं का?" अल्ताफने विचारलं.

"विचारून जाणाऱ्यांतल्या नाहीत त्या," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला अनोळखी वाटला.

ती पुन्हा कोपऱ्यावर गेली आणि तिथेच एका बंद शटरच्या पायरीवर बसली. आईची पर्स मांडीवर घट्ट धरून. डोक्यात एकेक येत गेलं: बस, खड्डा, चक्कर. मग ते सगळं ओसरलं आणि एकच उरलं. तिकडे रस्ता चांगला लागला असेल आणि आई जात राहिली असेल, तर काय करायचं? तिला राग येईना. नुसती वाट पाहायची होती, आणि ती पाहत राहिली.

पस्तीस मिनिटांनी प्रेमलाबाई उलट्या बाजूने आल्या. चेहरा लाल झालेला, केस सुटलेले, सलवारीच्या तळाला माती. ब्रेक दाबून त्या उतरल्या, एक हात कल्याणीच्या खांद्यावर ठेवून उभ्या राहिल्या. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"कुठे होतीस?"

"टेकडीच्या पायथ्याला. वर थोडा कच्चा रस्ता आहे, तिथवर." त्यांनी गुडघा चोळला. "धरतात चांगले हे टायर. डांबरीवर मात्र खरंच जीव जातो."

दोघी सायकल ढकलत दुकानाकडे निघाल्या, एक हँडलच्या या बाजूला, एक त्या. कल्याणीची मूठ जिथे होती तिथलं रबर आईच्या घामाने अजून ओलं होतं.

"राजीनामा दिलाय मी," ती म्हणाली.

"बरं केलंस."

"परत कधी येईन, खरंच माहीत नाही मला."

 समोरून स्कूटर आली तशी प्रेमलाबाईंनी सायकल बाजूला घेतली.

दुकानाच्या पायरीशी आल्यावर कल्याणीने अल्ताफला सांगितलं, "रुंदच लावा." मग आईकडे न बघता म्हणाली, "रोज रात्री फोन करीन."

"रोज नको. रविवारी कर," प्रेमलाबाई स्टुलावर टेकत म्हणाल्या. "आणि रेंज नसली तर तेवढ्यासाठी डोंगर चढत बसू नकोस. तू बरी आहेस असं मी धरून चालेन."