बर्फ लागतो का

साठ सालच्या सुमाराला डहाणूच्या बाजारात मोतीराम डॉक्टरचं नाव निघालं की माणसं आधी गालाला हात लावत. दात दुखतो म्हटलं की उपटायचा, हीच त्याची ख्याती. त्याचं तरी काय चुकलं? पाणी डोक्यावरून गेल्याशिवाय कोणी त्याची पायरी चढतच नसे. उपटून उपटून तो पार विटला होता.

म्हणून मांगेलआळीतल्या देवकीनं पोरीला, हंसाला, अपघात झाल्या झाल्या आणलं तेव्हा त्याला हुरूप आला. होडीच्या काठावर आपटून पुढचा दात निम्मा तुटला होता, आतला लाल जीव दिसत होता. त्यानं मुंबईहून आणलेलं चुन्याचं औषध त्यावर हलक्या हातानं बसवलं, वर सिमेंट लावलं. याच्याखाली दात आपला आपण नवा थर धरतो, आतला जीव जगला तर दात जन्मभर टिकतो, असं त्यानं देवकीला समजावलं. जगला का ते पावसाळ्यानंतर बघू, म्हणाला. कसं बघणार, ते सांगायचं राहिलं.

पावसाळा उलटल्यावर मायलेकी आल्या त्या दिवशी तलासरीपर्यंतची माणसं ओटीवर ठाण मांडून होती. डॉक्टरचे हात भरून आले होते. त्यानं बर्फाचा खडा हंसाच्या दाताला टेकवला.

"लागतं का?"

"नाही."

जरा जास्त वेळ टेकवला. पोर आढ्याकडे बघत राहिली. काहीच लागत नाही, म्हणाली.

त्याला फार वाईट वाटलं. जिवंत दाताला बर्फ झोंबतो; याला लागत नाही म्हणजे जीव मेला, आता आज ना उद्या पू धरणार. वाचवायचा तर खेपांवर खेपा, आणि मासळी सुकवायच्या हंगामात देवकी त्या घालणार थोडीच! शेजारच्या चांगल्या दाताला बर्फ लावून तिथं तरी लागतो का बघावं, असं मनात आलंही. पण बाहेर माणसं कण्हत होती. त्यानं सुई दिली नि चिमटा उचलला. अहो, पण दुखत नाही ना आता, असं देवकी काकुळतीनं म्हणत राहिली. तसं सगळेच म्हणतात.

दात निघाल्यावर त्यानं तो उजेडात धरून सिमेंट फोडलं. औषधाखाली पांढरा, टणक, नवा थर धरला होता. तो फोडला तर आत ताजं लाल रक्त. डॉक्टर हंसाकडे वळला.

"बर्फ लागत होता का गं?"

तोंडात कापूस धरून हंसानं मान डोलावली.

"मीच सांगितलं तिला, हूं की चूं करू नकोस म्हणून," देवकी म्हणाली. "दुखतं म्हटलं की तुम्ही काढता. आज दुखत नाही म्हटलं, तरी काढलात. आम्ही म्हणायचं तरी काय होतं?"